जंपिंगच्या तोंडाशी कोण उभं राहणार?

प्रिय ताई,

यंदा ईस्टरला आमच्या घरी मुलांची पार्टी करायचं ठरलंय. सकाळची उपासना आटोपली की दुपारी सगळी मुलं आमच्याकडे येतील. मोजून 24 होतात. सगळ्यात धाकटा माझा भाचा, अडीच वर्षांचा. सगळ्यात मोठी जाऊबाईंची मुलगी, 11 वर्षांची. अंडी शोधायचा खेळ आहेच, शिवाय या वेळी घरामागच्या मोकळ्या जागेत भाड्याने जंपिंग मागवतोय, म्हणजे तो हवा भरलेला किल्ला. जाऊबाई म्हणतात, "पोरं एकदा त्यात शिरली की दोन तास आपल्याला बघायला नको, निवांत गप्पा मारू." मला मात्र धडकी भरलीय. असा एक किल्ला वाऱ्याने उडाल्याची बातमी मागे वाचली होती, ती डोक्यातून जात नाही. घरात बोलले तर म्हणतात, उगाच बाऊ करतेस. आमच्याकडे अर्धी जागा फरशीची आहे, तर जंपिंगवाला म्हणाला, "फरशीवर वाळूच्या पिशव्या ठेवू, काही होत नाही." आणि सासूबाईंना वाटतं, या दंग्यात सणाचा अर्थच हरवेल. ताई, जंपिंग रद्द करू का? की मीच फार घाबरतेय?

काळजीत पडलेली एक आई

नमस्कार.

जंपिंग रद्द करू नका. आणि तुम्ही बाऊही करत नाही आहात. तुमची भीती अगदी योग्य जागी आहे, तिला फक्त कामाला लावायचं आहे.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते जाऊबाईंचं वाक्य. पोरं आत शिरली की आपण मोकळे. त्यांना दोष देत नाही. जंपिंग मागवणारं जवळजवळ प्रत्येक घर मनातून हेच धरून चालतं, आणि एकेकाळी मीही धरलं होतं.

माझ्या भाचीचा चौथा वाढदिवस होता. अंगणात पिवळ्या-निळ्या रंगाचा किल्ला फुगवलेला, आत आठ-नऊ मुलं. मी हातात डिश घेऊन चार पावलांवर उभी होते. दहा-अकरा वर्षांचे दोन मुलगे एकमेकांशी पैज लावून उड्या मारत होते. ते दोघं एकदम खाली आले, त्यांच्या शेजारची जमीन खचल्यासारखी दबली आणि पुढच्याच क्षणी उसळली. भाची तिथेच उभी होती. ती वर फेकली गेली आणि खाली आली ती दुसऱ्या मुलाच्या गुडघ्यावर, हात अंगाखाली दुमडून. मला आजही आठवतं ते तिचं उघडलेलं तोंड. ती किंचाळत होती आणि मला ऐकू येत नव्हतं, कारण ब्लोअरची घरघर आणि मुलांचा गलका यात तिचा आवाज बुडून गेला होता. आम्ही पाच मोठी माणसं दहा पावलांच्या आत होतो. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कोणीतरी बघतोय. किल्ला लावून देणारा मुलगा बाहेर टेम्पोत फोनवर बोलत बसला होता. कोपराचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघेपर्यंत तिला स्वतःच्या हाताने जेवता आलं नाही.

तेव्हापासून माझा एकच आग्रह असतो. सजावट, खाणं, आमंत्रणं यातलं काहीही ठरवण्याआधी जंपिंगच्या तोंडाशी कोण उभं राहणार, ते नाव ठरवा. "सगळे मिळून लक्ष ठेवू" म्हटलं की कोणीच ठेवत नाही. माणूस मोठाच हवा, 11 वर्षांच्या ताईवर ही जबाबदारी टाकू नका. उभं राहणाऱ्याच्या हातात फोन नको, डिश नको, कडेवर स्वतःचं बाळ नको. 20 मिनिटांची पाळी पुरे, त्यापुढे माणसाचं लक्ष उडतं. दोन तासांना सहा माणसं लागतील आणि 24 मुलांचे आईबाप येणार म्हटल्यावर सहा जण सहज मिळतील. गळ्यात एक शिट्टी अडकवा. ती ज्याच्या गळ्यात, पाळी त्याची. शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय तिथून हलायचं नाही. ब्लोअरच्या आवाजात हाक पोहोचत नाही, शिट्टी पोहोचते. पहिली पाळी जाऊबाईंना द्या, गोड बोलून द्या. एकदा 20 मिनिटं तिथे उभं राहिलं की त्यांना माझं म्हणणं आपोआप पटेल.

आता वयाचं. उडून जाणाऱ्या किल्ल्याची बातमी आपल्या लक्षात राहते, पण पार्टीत मुलांना लागतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या मुलामुळे किंवा पडून. अमेरिकेतल्या इस्पितळांच्या नोंदींवरून 1990 ते 2010 या काळातल्या जंपिंगवरच्या दुखापतींचा अभ्यास झाला होता. त्यात 2010 साली रोज सरासरी 31 मुलं अशा दुखापतीने इस्पितळात येत होती. सगळ्यात जास्त प्रमाण होतं हाडं मोडण्याचं आणि मुरगळण्याचं. माझ्या भाचीसारखीच कितीतरी.

तुमच्याकडे अडीच ते 11 असा पल्ला आहे. 11 वर्षांच्या मुलीचं वजन अडीच वर्षांच्या बाळाच्या दुप्पट-तिप्पट असतं. ती खाली आली की तिच्या वजनाने दबलेली हवा शेजारच्याला वर फेकते. त्यात तिची काहीच चूक नसते. म्हणून मोठी आणि लहान मुलं एकत्र आत सोडायची नाहीत, एक मिनिटसुद्धा नाही. "तिच्या भावाला घेऊन जाऊ दे ना, ती सांभाळेल," असं कोणीतरी नक्की म्हणेल. तिथे ठाम राहा. सहा वर्षांखालच्या मुलांना त्यात सोडूच नये, असंही सांगणारे तज्ज्ञ आहेत. तुमचा भाचा अडीच वर्षांचा आहे, मी तर त्याला आत पाठवणार नाही. चार-पाच वर्षांच्यांना पाठवायचंच असेल तर एका वेळी दोघं-तिघं, सारख्याच चणीची, आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर.

या सगळ्यावरचा तोडगा तुमच्याच कार्यक्रमात आहे. अंडी शोधायचा खेळ आणि जंपिंग एकामागून एक ठेवायची काही गरज नाही, दोन्ही एकाच वेळी चालू द्या. मोठी मुलं पुढच्या बाजूला अंडी शोधत असताना मधली जंपिंगवर; मग अदलाबदल. त्या वेळी अगदी धाकटी आपल्या आईबाबांबरोबर बाजूला, त्यांच्यासाठी गवतात उघडीच ठेवलेली अंडी वेचायला. तीन गट, तीन रंगांच्या रिबिनी मनगटाला. शिट्टी वाजली की कोणत्या रंगाने कुठे जायचं हे मुलांना पाच मिनिटांत कळतं, मोठ्यांना उलट वेळ लागतो. प्रत्येक किल्ल्यावर एका वेळी किती मुलं, किती उंचीपर्यंतची, याची पट्टी शिवलेली किंवा छापलेली असते. तो आकडा वाचा आणि त्याहून दोन कमीच सोडा. पट्टी नसेल, फाटलेली असेल, अक्षरं पुसलेली असतील तर तो किल्ला घेऊच नका.

आत कोलांटउड्या मारणं, कुस्ती, भिंतीवर चढणं बंद. बूट, चष्मे, क्लिपा, बांगड्या, गळ्यातलं बाहेर एका टोपलीत. खिसे रिकामे. ईस्टरला हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण मुलं सापडलेली प्लास्टिकची अंडी खिशात कोंबून तशीच आत पळतात. तोंडात गोळी किंवा चॉकलेट असताना उडी मारली तर ते घशात अडकायला क्षण लागत नाही. म्हणून अंड्यांचा खेळ संपलेल्या गटाने आपली टोपली आधी तुमच्या ताब्यात द्यायची, पाणी प्यायचं, तोंड रिकामं करायचं आणि मग जंपिंग. जेवण सगळ्यात शेवटी. उन्हात किल्ल्याच्या आत बाहेरपेक्षा जास्त गरम होतं, त्यामुळे दर गटामागे पाणी हवंच. आणि आत सोडण्याआधी हाताचा तळवा खालच्या पृष्ठभागावर टेकवून बघा. चटका बसला तर थांबा, मुलांचे पाय उघडे असतात.

आता तुमच्या त्या बातमीकडे येते. तुम्ही वाचलेली नेमकी कोणती ते मला कळायला मार्ग नाही, पण अशी एक ईस्टरचीच आहे. 26 मार्च 2016, ईस्टरच्या आदला शनिवार. इंग्लंडमधल्या हार्लो गावात एका बागेत ईस्टरची जत्रा भरली होती. वारा होता. हवेचा किल्ला बांधलेल्या जागेवरून सुटला आणि सुमारे 300 मीटर लांब गेला. आत 7 वर्षांची एक मुलगी होती. ती वाचली नाही. तो किल्ला चालवणाऱ्या दोघांना 2018 मध्ये प्रत्येकी तीन वर्षांची कैद झाली. किल्ला नीट बांधलेला नव्हता आणि त्यांनी हवामानाकडे लक्ष ठेवलं नव्हतं, हा त्यांच्यावरचा ठपका होता. डिसेंबर 2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात एका शाळेच्या मैदानावर वावटळ आली, किल्ला उचलला गेला, 6 मुलं गेली. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण तुम्हाला घरात "बाऊ करतेस" म्हणणाऱ्यांनी हे ऐकलं पाहिजे.

यातून आपल्या हातात काय आहे ते बघू. वारा मोजता येतो आणि किल्ला बांधता येतो.

युरोपातल्या मानकाप्रमाणे ताशी 38 किलोमीटरच्या वर वारा गेला की हवेचा किल्ला वापरायचा नाही. किल्ल्याच्या पट्टीवर याहून कमी आकडा दिलेला असेल तर तो पाळायचा. पण 38 हा शेवटचा आकडा आहे, तिथपर्यंत वाट बघत बसू नका. घरच्या पार्टीसाठी मी याहून सोपी खूण धरते: जमिनीवरची धूळ आणि कागद उडायला लागले, झाडांच्या बारीक फांद्या सतत हलायला लागल्या, की शिट्टी, सगळी मुलं बाहेर. हा वारा 20 ते 28 च्या आसपास असतो, म्हणजे हाताशी थोडा वेळ राहतो. हवामानाचा अंदाज बघताना नुसता सरासरी वेग बघू नका. झोत किती वेगाचे येणार तोही आकडा दिलेला असतो, किल्ला उचलतो तो झोत. ईस्टरची तारीख दरवर्षी सरकते हेही ध्यानात घ्या. चर्चच्या पंचांगाप्रमाणे 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो 22 मार्चपासून 25 एप्रिलपर्यंत कधीही येतो. 2024 मध्ये 31 मार्चला होता, 2025 मध्ये 20 एप्रिलला. "गेल्या वर्षी ईस्टरला किती छान हवा होती" याला काही अर्थ नाही. शुक्रवारी अंदाज बघा, शनिवारी रात्री बघा, रविवारी सकाळी उपासनेहून आल्यावर परत बघा.

वावटळ मात्र अंदाजात दिसत नाही. तिच्यासाठी फक्त बांधणी कामाला येते, आणि इथेच तुमच्या जंपिंगवाल्याचं "काही होत नाही" मला मुळीच मान्य नाही. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेच्या सूचना यात स्पष्ट आहेत. किल्ल्याला किमान 6 ठिकाणी बांधायची सोय हवी आणि बांधायच्या जितक्या जागा असतील तितक्या सगळ्या वापरायच्या. खुंट्या लोखंडी, 38 सेंटिमीटर लांब, 16 मिलिमीटर जाड, वरचं डोकं गोल. फरशीवर खुंटी ठोकता येत नाही, तिथे वजन लावायचं, पण किती? प्रत्येक दोराला 163 किलो. 20 किलोची वाळूची पिशवी धरली तर एका दोराला आठ पिशव्याही पुऱ्या पडत नाहीत. सहा दोर म्हणजे जवळजवळ टनभर वाळू. तुमचा माणूस तेवढी आणणार आहे का? नसेल तर अर्ध्या जागेत माती आहे म्हणालात, तिथे मावेल असा लहान किल्ला घ्या. मुलांना आकाराने काही फरक पडत नाही. ठोकण्याआधी खालून पाण्याचा पाइप किंवा विजेची केबल गेलेली नाही ना, आणि वर फांदी किंवा तार नाही ना, एवढं बघून घ्या.

विजेचं थोडक्यात सांगते. ब्लोअर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू राहावा लागतो, कारण शिवणींतून हवा सतत बाहेर जातच असते. ते बिघाडाचं लक्षण नाही. वीज गेली किंवा कोणाचा पाय अडकून प्लग निघाला की किल्ला हळूहळू बसायला लागतो. तेव्हा गर्दी करून मुलांना ओढू नका. दाराशी उभा असलेला माणूस किल्ल्याचं तोंड वर धरून ठेवेल, दुसरा एकेकाला बाहेर घेईल. आधी बाहेर यायची सगळ्यात लहान मुलं. परत पूर्ण फुगून टणक झाल्याशिवाय कोणालाही आत सोडायचं नाही. एक्स्टेंशनची वायर गुंडाळीतच ठेवून वापरली तर तापते, ती पूर्ण उलगडा. शॉक लागताच वीज तोडणारा स्विच त्या लाइनवर आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.

अंड्यांबद्दल माझं लक्ष दोनच गोष्टींकडे असतं. एक, किल्ल्यामागे, ब्लोअरजवळ आणि दोरांमध्ये एकही अंडं लपवू नका. मुलाला दिसलं की ते दोर ओलांडून जाणार, कितीही सांगितलं तरी. लपवताना एका कागदावर जागा लिहून ठेवा, मोजून लपवा, मोजून परत घ्या. दुसरी, प्लास्टिकच्या अंड्यांत काय भरता ते. तीन वर्षांखालच्यांच्या अंड्यांत टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू नको. ती घशात अडकू शकते. खरी उकडलेली अंडी लपवणार असाल तर दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेली कोणालाही खायला देऊ नका. आणि मोठी चपळ मुलं सगळी अंडी लुटतात, धाकटी रडत बसतात, हे दरवर्षी होतं. प्रत्येकाला ठरावीक अंडी द्या. स्वतःची मिळाली की उरलेला वेळ इतरांना शोधायला मदत करायची.

सासूबाईंना सांगा, की त्यांची काळजीही खरी आहे आणि त्यांच्याचकडे एक काम द्या. अंडी शोधून झाली की सगळ्या मुलांना गोल बसवून अंड्याचा आणि ईस्टरचा संबंध त्यांनी सांगावा. ईस्टरआधीच्या 40 दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असायची, कोंबड्या मात्र अंडी देतच राहायच्या, म्हणून ईस्टरला घरात अंडीच अंडी असायची. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती अजून लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. शेवटी एक अंडं मुद्दाम रिकामं ठेवा. ते उघडलं आणि आत काहीच नाही, असं झालं की मुलं बघत राहतात, आणि मग रिकाम्या कबरेची गोष्ट सांगायला याहून चांगली वेळ मिळत नाही. आजीच्या तोंडून ऐकलेलं मुलं विसरत नाहीत. 24 मुलांना शांत बसवायचं कसं, असा प्रश्न पडेल. जंपिंगवर दमल्यावर ती आपोआप बसतात.

24 मुलांत एखादं तरी असं असेल ज्याला त्यात जायचंच नसेल. आवाजाला घाबरेल, गर्दी नको असेल, पायाला काही त्रास असेल. "जा ना, सगळे जातायत" म्हणून त्याला ढकलू नका. त्याच्या हातात घड्याळ द्या. आतल्या मुलांची सहा मिनिटं झाली की शिट्टीवाल्याला सांगायचं काम त्याचं. माझ्या त्या भाचीने हात बरा झाल्यावर पुढच्याच एका पार्टीत हे काम केलं, प्लास्टिकचं मोठं घड्याळ गळ्यात अडकवून. "वेळ संपली!" ती इतक्या जोरात ओरडायची, की त्या दिवशी ब्लोअरच्या घरघरीतही तिचा आवाज मला ऐकू येत होता.

तर उद्या त्या जंपिंगवाल्याला फोन करा आणि सरळ विचारा: बांधायच्या जागा किती, खुंट्या किती लांबीच्या, फरशीवर लावलं तर प्रत्येक दोराला किती किलो, शेवटची तपासणी कधी झाली, आणि तुमचा माणूस पूर्ण वेळ थांबणार का? थांबला तरी आपली शिट्टी आपल्याकडेच. वारा वाढला तर किल्ला उतरवायचा, हेही त्याच्याकडून आत्ताच कबूल करून घ्या. त्याने हसून विषय टाळला तर दुसरा माणूस शोधा. त्याने काय उत्तर दिलं ते मला जरूर लिहा, पार्टीच्या आधी तुम्हाला उत्तर देईन.

तुमची,
ताई